सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक मला देण्यात आली, याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. मी संख्याशास्त्रज्ञ नव्हे. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणारा एक बी.ए., बी.एड. शिक्षक आहे. परंतु भूकंप, वादळ आणि पूर हे धडे शिकवताना विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, फार मोठा भूकंप जगात वर्षाला सरासरी एक होतो ना? मग यंदाचा झाला का?" प्रश्न भाबडा वाटतो, पण मोठी माणसेही याच वळणाने बोलतात. गावात पूर येऊन गेला की कट्ट्यावर कोणीतरी म्हणतो, "चला, आता पंचवीस वर्षे काळजी नाही." आणि बरीच वर्षे काही घडले नाही तर तोच गृहस्थ म्हणतो, "आता भरत आले आहे, यंदा काहीतरी होणार." या दोन्ही बोलण्यांत सरासरीला रेल्वेच्या वेळापत्रकासारखे मानलेले असते. निसर्गाच्या घटना तशा येतात काय, हे आज आपण आकड्यांनी तपासू. हे भाषण स्मरणिकेतून वाचणाऱ्यांनी कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, एवढी विनंती. गणित गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जाणार नाही.

प्रथम माहिती घेऊ. भूकंपाची ताकद ज्या आकड्याने सांगतात, त्याला आपण बोलताना रिश्टर म्हणतो; शास्त्रीय शब्द महत्ता. ८ किंवा त्याहून अधिक महत्तेचे भूकंप म्हणजे महाभूकंप. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या यादीनुसार सन २००० पासून दरवर्षी जगात असे किती भूकंप झाले, ते पाहा.

२००० ते २००९ : १, १, ०, १, २, १, २, ४, ०, १
२०१० ते २०१९ : १, १, २, २, १, १, ०, १, १, १
२०२० ते २०२४ : ०, ३, ०, ०, ०

पंचवीस वर्षांत एकूण २७ महाभूकंप. सरासरी काढली तर वर्षाला १.०८, म्हणजे पुस्तकातील "वर्षाला एक" हे बरोबरच आहे. पण रांग नीट पाहा. सात वर्षे अशी आहेत की एकही महाभूकंप झाला नाही. २००७ साली चार झाले : जानेवारीत कुरील बेटांजवळ, एप्रिलमध्ये सॉलोमन बेटांजवळ, ऑगस्टमध्ये पेरूत आणि सप्टेंबरमध्ये सुमात्राजवळ. २०२१ साली तीन झाले आणि त्यानंतरची तीन वर्षे कोरी गेली. हा सारा गोंधळच आहे, की या गोंधळालाही काही शिस्त आहे?

या प्रश्नाचे उत्तर ज्या गणिताने देता येते, त्याला सिमेओं देनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचे नाव आहे. हा गृहस्थ १७८१ साली जन्मला आणि १८४० साली वारला. फ्रेंच भाषेत प्वासाँ म्हणजे मासा. तेव्हा आपल्या कोकणातल्या माणसाला हे नाव विसरण्याचे कारण नाही! १८३७ साली त्याने न्यायालयांच्या निकालांतील संभाव्यतेवर ग्रंथ लिहिला, त्यात हे सूत्र आहे. पुढे साठेक वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८९८ साली बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या लष्करातील एक विचित्र माहिती या सूत्राला लावून पाहिली. घोड्याची लाथ लागून किती सैनिक मेले, याची ती नोंद होती. दहा सैन्यदले आणि वीस वर्षे, म्हणजे दोनशे नोंदी. त्यांत एकूण मृत्यू १२२. दोनशेपैकी १०९ नोंदी शून्याच्या होत्या, ६५ एकाच्या, २२ दोनाच्या, ३ तीनाच्या आणि १ चाराची. प्वासाँच्या सूत्राने येणारे आकडे अनुक्रमे सुमारे १०९, ६६, २०, ४ आणि १ असे आहेत. घोडा कोणत्या दिवशी लाथ मारील हे कोणालाच सांगता येत नाही. परंतु वीस वर्षांच्या लाथांचा हिशेब मात्र असा जुळतो.

आता हे सूत्र कसे चालते ते पाहू. वर्षाचे ३६५ दिवस घ्या. कोणत्याही एका दिवशी महाभूकंप होण्याची शक्यता फारच थोडी, म्हणजे १.०८ भागिले ३६५. तो न होण्याची शक्यता जवळजवळ एक. नेमकी सांगायची तर ०.९९७. वर्ष कोरे जायचे असेल तर ३६५ दिवस लागोपाठ "आज नाही" असे म्हणत जावे लागेल. म्हणजे ती संख्या ३६५ वेळा स्वतःशी गुणायची. उत्तर येते सुमारे ०.३४. अर्थ असा की, सरासरी एकाहून थोडी अधिक असूनही, शंभरातील सुमारे चौतीस वर्षे कोरीच जाणार.

पुढची पायरी याहून सोपी आहे. शून्याच्या शक्यतेला सरासरीने गुणले की एकाची शक्यता मिळते. तिला पुन्हा सरासरीने गुणून २ ने भागा, दोनाची मिळते. पुन्हा सरासरीने गुणून ३ ने भागा, तीनाची मिळते. याप्रमाणे जिना चढत जायचे. १.०८ घेऊन हे केले तर शून्याची शक्यता ०.३४०, एकाची ०.३६७, दोनाची ०.१९८, तीनाची ०.०७१ आणि चार किंवा अधिकांची ०.०२४ येते. या प्रत्येकीला २५ वर्षांनी गुणा आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहा.

एकही नाही : सूत्राने ८.५ वर्षे, प्रत्यक्षात ७
एक : सूत्राने ९.२, प्रत्यक्षात १२
दोन : सूत्राने ५.०, प्रत्यक्षात ४
तीन : सूत्राने १.८, प्रत्यक्षात १
चार किंवा अधिक : सूत्राने ०.६, प्रत्यक्षात १

पंचवीसच वर्षांची माहिती असताना याहून जवळचा मेळ मागणे योग्य नव्हे. आणखी एक कसोटी आहे. आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत, हे सांगणाऱ्या मापाला विचरण म्हणतात. घटना प्वासाँच्या रीतीने येत असतील तर विचरण आणि सरासरी साधारण सारखी असतात. आपल्या रांगेत सरासरी १.०८ आहे आणि विचरण ०.९५. विचरण पुष्कळ मोठे आले असते तर घटना घोळक्याने येतात असे म्हणावे लागले असते. पुष्कळ लहान आले असते तर त्या खरोखरच वेळापत्रकाने येतात असे म्हणता आले असते. येथे दोन्ही नाही.

ज्यांना आकड्यांपेक्षा डोळ्यांवर भरवसा आहे, त्यांनी घरी एक प्रयोग करावा. बुद्धिबळाचा पट घ्या. त्याची ६४ घरे म्हणजे ६४ वर्षे. तांदळाचे ६४ दाणे मोजून घ्या आणि एकेक करून, नेम न धरता, पटावर पडू द्या. बाहेर पडलेला दाणा पुन्हा टाका. घरामागे सरासरी एक दाणा होईल. पण प्रत्येक घरात एकेक दाणा बसलेला तुम्हाला दिसणार नाही. सुमारे २३ घरे रिकामी राहतील, तितक्याच घरांत एकेक दाणा असेल, बाराएक घरांत दोन असतील आणि थोड्या घरांत तीन-चार. शेजारच्या घरात गर्दी झाली म्हणून हे घर रिकामे ठेवावे, असे दाण्याला कळत नाही. पुढील वर्षालाही मागील वर्ष ठाऊक नसते. गणिताच्या भाषेत याला घटनांचे स्वातंत्र्य म्हणतात.

यातून दोन धडे मिळतात. पहिला धडा गर्दीच्या वर्षांचा. डिसेंबर २००४ मध्ये सुमात्राजवळ ९.१ महत्तेचा भूकंप झाला आणि त्सुनामीने लाखो माणसे बळी घेतली. २०१० साली चिलीत ८.८, २०११ साली जपानच्या पूर्व किनाऱ्याजवळ ९.१. तेव्हा जगभर चर्चा सुरू झाली की पृथ्वीच्या पोटात काही बिघडले आहे काय. शिअरर आणि स्टार्क या दोन अभ्यासकांनी शतकभराच्या नोंदी तपासून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की, जगातील मोठ्या भूकंपांचा धोका वाढल्याचा पुरावा या नोंदींत नाही. अशा गर्दीची वर्षे निव्वळ योगायोगानेही येतात.

दुसरा धडा कोऱ्या वर्षांचा. २०२२, २०२३ आणि २०२४ ही तीन वर्षे महाभूकंपाविना गेली. मग २०२५ मध्ये तो होण्याची शक्यता वाढली होती काय? या सूत्राप्रमाणे मुळीच नाही. २०२५ कोरे जाण्याची शक्यता तीच होती, शंभरात चौतीस. जुलै २०२५ च्या अखेरीस रशियातील कामचाटकाजवळ ८.८ महत्तेचा भूकंप झाला. कोणी म्हणेल, "बघा, भरत आले होते, झाला." पण झाला म्हणून भरत आले होते असे सिद्ध होत नाही. नाणे चार वेळा छापा पडल्यावर पाचव्यांदा काटा पडला, तर त्यात नाण्याची स्मरणशक्ती नसते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मी साऱ्या जगाची बेरीज घेतली आहे. एकाच भूभ्रंशाचा विचार केला तर तेथे ताण साचतो आणि सुटतो, त्यामुळे तेथील हिशेब वेगळा असू शकतो. शिवाय मोठा भूकंप झाला की त्याच जागी लहान-मोठे धक्के बसत राहतात. ते स्वतंत्र नसतात. थोरल्याच्या मागून धाकटे चालावेत तसे येतात आणि दिवसेंदिवस विरळ होत जातात. हा नियम जपानच्या ओमोरी यांनी १८९४ साली मांडला. आपल्या रांगेतही अशी एक जोडी आहे. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस समुद्रात ८.६ चा भूकंप झाला आणि दोन तासांनी ८.२ चा. हे दोन दाणे वेगवेगळे पडले असे म्हणता येणार नाही. गार्डनर आणि नॉपॉफ यांनी १९७४ साली दक्षिण कॅलिफोर्नियाच्या नोंदींतून असे मागाहूनचे धक्के वगळले आणि उरलेले भूकंप प्वासाँच्या रीतीने येतात काय, हा प्रश्नच निबंधाचा मथळा केला. निबंधाचा सारांश एका शब्दाचा होता : होय.

आपल्या राज्यातील कोयनेचे उदाहरण मात्र वेगळ्या जातीचे आहे. धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागल्यानंतर तेथे धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. तेथील धक्क्यांचे प्रमाण जलाशयाच्या पाण्याच्या चढउताराशी निगडित आहे. पाणी बदलले की दर बदलतो. तेव्हा सगळ्या वर्षांना एकच सरासरी लावून तेथे चालत नाही.

म्हणजे प्वासाँच्या सूत्राला दोन गोष्टी लागतात : घटना एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात आणि त्यांचा दर कायम असावा. जेथे सूत्र जुळत नाही तेथे यांपैकी एखादी गोष्ट बिघडलेली असते. म्हणून माझ्या मते या सूत्राचा मोठा उपयोग ते चुकते तेव्हाच होतो. ते धोक्याची घंटा वाजवते.

ही घंटा आपल्या दारातही वाजली आहे. अरबी समुद्रात वर्षाला साधारण एक चक्रीवादळ होते, असे भारतीय हवामान खात्याचा दीर्घकाळचा हिशेब सांगतो. २०१९ साली पाच झाली : वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. यापूर्वी एका वर्षात पाच १९०२ साली झाली होती. सरासरी एक धरून मघाचा जिना चढा. पाच किंवा अधिक वादळांची शक्यता ०.००३७ येते, म्हणजे सुमारे पावणेतीनशे वर्षांतून एकदा. तशी वर्षे मात्र सव्वाशे वर्षांच्या आत दोन आली. हा योगायोग असू शकतो. पण अधिक सयुक्तिक कारण असे की सर्व वर्षांचा दर सारखा नाही. २०१९ साली हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा बराच तापलेला होता. अशा वर्षी वादळांचा दर वाढतो, आणि अलीकडच्या दशकांत अरबी समुद्राचे तापमान वाढतच आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ आले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा ज्यांची कौले आणि पत्रे उडाली, ज्यांच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, त्यांना मी आणखी काय सांगावे? आजोबांच्या काळची सरासरी नातवाला पुरेल असे धरून चालणे आता धोक्याचे आहे.

शेवटी मी ज्या मुद्द्यासाठी हा विषय निवडला, त्याकडे येतो. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" असा शब्दप्रयोग आपण ऐकतो. ऐकणाऱ्याच्या मनात येते की एकदा आला, आता नातवंडांनाच दिसेल. त्याचा खरा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी त्याची शक्यता शंभरात एक. आता शाळेच्या इमारतीचे आयुष्य पन्नास वर्षे धरा. पन्नास वर्षांची सरासरी झाली अर्धा. सूत्राने शून्याची शक्यता येते ०.६१. म्हणजे ती इमारत उभी असेतोवर असा पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात एकोणचाळीस! गृहकर्जाच्या तीस वर्षांत तीच शक्यता शंभरात सव्वीस. आणि पूर्ण शंभर वर्षे घेतली तरी ती शंभरात त्रेसष्टच. सदतीस शतके त्याविनाही जातील.

चिपळूणने २६ जुलै २००५ चा पूर पाहिला आणि २२ जुलै २०२१ चाही. मध्ये अंतर सोळा वर्षांचे. समजा, एखादा पूर खरोखरच शंभर वर्षांतून एकदा येणारा असेल. तरीही तो आल्यानंतरच्या सोळा वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता शंभरात पंधरा निघते. पंधरा टक्के ही काही नगण्य गोष्ट नव्हे. परीक्षेत नापास होण्याची शक्यता शंभरात पंधरा आहे असे कळले, तर कोणता विद्यार्थी अभ्यास सोडून झोपेल?

म्हणून शिक्षणसंस्थांच्या चालकांना माझे नम्र सांगणे आहे. इमारतीचा नकाशा मंजूर करताना केवळ "पूर केव्हा आला होता?" एवढेच विचारू नये, "ही इमारत किती वर्षे उभी राहणार आहे?" हेही विचारावे. आणि इमारत जुनी असली तरी काही कामांना मोठ्या देणगीची गरज नसते. जनरल रजिस्टर आणि शाळेचे दप्तर तळमजल्यावरून वर न्यावे. एखाद्या मुलाची जन्मतारीख, जात आणि शाळा सोडल्याचा दाखला ज्या पानावर आहे ते पान भिजले, तर पुढे नोकरीच्या वेळी त्या मुलाला किती खेटे घालावे लागतात, हे आपण सारे जाणतो. विजेचा मीटर आणि मुख्य खटके पुराच्या जुन्या खुणेच्या वर असावेत. ग्रंथालयातील खालचा कप्पा रिकामा ठेवावा. प्रयोगशाळेतील रसायने उंचावर असावीत. छपराचे पत्रे दरवर्षी मे महिन्यात तपासून घ्यावेत. गेल्या वर्षी वादळ येऊन गेले असले तरी, आणि दहा वर्षांत आले नसले तरी. पावसाळ्यापूर्वीची ही तयारी प्रत्येक वर्षी सारखीच असावी, कारण प्रत्येक वर्ष आपल्यापुढे कोरी पाटी घेऊन येते.

शिक्षक बंधूंना विनंती अशी की, शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक ठेवा आणि मुलांकडून रोजची नोंद करून घ्या. पुराची खूण भिंतीवर तारखेसह रंगवून ठेवा. प्वासाँचे सूत्र कितीही चांगले असले तरी त्यात घालायची सरासरी नोंदीतूनच येते, आणि बदललेला दर ओळखायचा तोही नोंदीवरूनच. आजच्या आठवीच्या मुलाने लिहिलेली वही तीस वर्षांनंतरच्या अभियंत्याच्या उपयोगी पडेल.

विद्यार्थी मित्रहो, "यंदाचा झाला का?" हा तुमचा प्रश्न मला फार आवडतो. त्याचे उत्तर असे की, यंदाचा असा कोणताच भूकंप कोणाच्या खात्यावर लिहिलेला नसतो. झाला असला तरी दुसरा होऊ शकतो, आणि न झाल्यास निसर्ग आपली बाकी पुढे ओढत नाही. सरासरी आपल्याला धोक्याचे माप देते, तारीख देत नाही. ज्याला तारीख कळत नाही त्याने रोज तयार असावे, हे शहाणपण आपल्या वाडवडिलांना सूत्राविना ठाऊक होते. आपल्याला ते आकड्यांनिशी ठाऊक झाले आहे, एवढेच.